शंका-समाधान : व्हिडिओ सुरू झाला की मागे पडणारे घड्याळ

प्रश्न : सप्रेम नमस्कार. साखर पेठेत माझा छायाचित्रणाचा जुना स्टुडिओ आहे. लग्ने, मुंजी आणि सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुका आम्ही वर्षानुवर्षे मिनी डीव्ही टेपवर चित्रित केल्या. त्या टेप खराब होण्याआधी संगणकावर उतरवून घेण्याचे काम सध्या चालू आहे. त्यासाठी विंडोज एक्सपी असलेला पेंटियम-४ संगणक मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण कॅमेरा जोडण्याचे फायरवायर कार्ड त्याच्यावरच बिनतक्रार चालते. अडचण अशी की एक तासाची टेप उतरवून झाली की पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ माझ्या मनगटी घड्याळाच्या सुमारे सहा मिनिटे मागे असते. कधी कधी ते मध्येच आपोआप दोन-तीन मिनिटे पुढे उडी मारते. उतरवलेल्या चित्रणात चित्र अधूनमधून क्षणभर अडकते, ते वेगळेच. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा बॅटरी बदलली आणि आता मदरबोर्डच बदलावा लागेल असे म्हणतो. सकाळी संगणक सुरू केला की वेळ मात्र अगदी बरोबर असते. बोर्ड बदलावा काय?
— एक स्टुडिओचालक, सोलापूर

उत्तर : बोर्ड बदलू नये, आणि तिसरी बॅटरीही घेऊ नये. आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य, म्हणजे सकाळी वेळ अगदी बरोबर असते हे वाक्य, दुरुस्ती करणाऱ्याने नीट ऐकून घेतले असते, तर पहिली बॅटरीसुद्धा वाचली असती. अर्थात त्याला दोष देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या संगणकात मी स्वतः ‘घड्याळ मागे पडते’ एवढे ऐकून बॅटरी बदलली होती आणि आठवड्याने पुन्हा तीच तक्रार आल्यावर दुसरीही बदलली होती.

घोळ होतो तो संगणकात घड्याळ एकच असते असे आपण धरून चालतो म्हणून. प्रत्यक्षात ती दोन असतात. पहिले मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये असते. त्याला सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक लय पुरवतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात असल्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो, आणि आपल्या मनगटी क्वार्ट्‌झ घड्याळातही बहुधा हाच स्फटिक असतो. रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संगणक बंद असताना या घड्याळाला जिवंत ठेवते. वेळेच्या बाबतीत तेवढेच तिचे काम. दुसरे घड्याळ विंडोजचे. संगणक सुरू होताना विंडोज पहिल्या घड्याळावरून एकदा वेळ वाचते आणि त्यानंतर स्वतःच मोजत राहते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसते ते हे दुसरे घड्याळ, आणि बॅटरीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी बरोबर वेळ दाखवतो, याचा अर्थ पहिले घड्याळ आणि त्याची बॅटरी दोन्ही ठणठणीत आहेत. मध्येच घड्याळ पुढे उडी मारते तेही विंडोज स्वतःची चूक मधूनमधून दुरुस्त करून घेते म्हणून, आणि ती उडी पुढच्या दिशेने असते यावरून मागे कोण पडले होते ते कळते.

आता हे दुसरे घड्याळ मोजते काय, ते पाहू. मदरबोर्डवरचा टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला हाक मारतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आपण तिला ठोका म्हणू. एक्सपीमध्ये एरवी यंत्रानुसार सेकंदाला साधारण ६४ किंवा १०० ठोके पडतात, आणि दर ठोक्याला विंडोज तेवढी वेळ पुढे सरकवते. मागावर बसून धोट्याच्या फेऱ्या मनातल्या मनात मोजणाऱ्या विणकराला कोणी बोलण्यात गुंतवले, तर तेवढ्या वेळात गेलेल्या फेऱ्या त्याच्या हिशेबात येत नाहीत. कापड विणले जाते, आकडा तेवढा कमी भरतो. इथेही तसेच घडते. प्रोसेसरच्या दाराशी टायमरची एकच हाक ताटकळत थांबू शकते. ती ऐकली जाण्याआधी दुसरी आली की दोन हाकांची एकच होते आणि एक ठोका कायमचा हरवतो. तासाला सहा मिनिटे मागे पडणे म्हणजे दर दहा ठोक्यांपैकी एक हरवणे. ठोके सेकंदाला ६४ धरले, तर तासाभराच्या २,३०,४०० ठोक्यांपैकी २३,०४० गळाले.

हे व्हिडिओच्याच वेळी का होते, याला कारण आहे. मिनी डीव्हीचे चित्रण आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटींचे असते, म्हणजे प्रत्येक चौकटीला ४० मिलिसेकंद. चित्र आणि आवाज यांचा मेळ राखण्यासाठी व्हिडिओचे प्रोग्रॅम विंडोजकडे अधिक बारीक ठोक्याची मागणी करतात आणि ठोक्यांमधले अंतर जवळपास एक मिलिसेकंदापर्यंत खाली येते. एरवी १५ मिलिसेकंदांच्या अंतराने पडणाऱ्या ठोक्यांच्या मध्ये एखादे उपकरण प्रोसेसरला दोन-तीन मिलिसेकंद अडवून धरत असेल, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ठोके मिलिसेकंदाला एक पडू लागले की तेवढ्याच अडवणुकीत एक-दोन ठोके हमखास जातात. म्हणजे खोड आधीपासून असते आणि व्हिडिओ ती उघडी पाडतो.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक होता, आणि ही विचित्र संख्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताच्या चौपट आहे. तिला १२ ने भागून टायमर चालवला गेला, आणि त्या टायमरला ६५,५३६ ने भागून विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळातला सेकंदाला १८.२ ठोक्यांचा प्रसिद्ध आकडा आला. म्हणजे पीसीच्या घड्याळाची नाडी जन्मतःच टीव्हीच्या तालावर बांधलेली होती.

आपल्या यंत्रापुरता प्रश्न इतकाच उरला की प्रोसेसरला अडवते कोण. पत्राला उत्तर म्हणून मी आपल्याला तीन प्रयोग करायला सांगितले होते आणि आपण त्यांच्या नोंदी वहीच्या पानावर व्यवस्थित लिहून पाठवल्या, याबद्दल आभार. इतका शिस्तीचा वाचक क्वचित भेटतो. संगणक तासभर नुसता चालू ठेवला तेव्हा फरक शून्य. टेप उतरवली तेव्हा सहा मिनिटे. लगेच संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज येण्याआधी बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटअपमध्ये पाहिले, तर तिथली, म्हणजे पहिल्या घड्याळाची, वेळ मनगटी घड्याळाशी जुळणारी. तिसऱ्या प्रयोगाने मात्र निकालच लावला : कॅमेरा आणि व्हिडिओचा प्रोग्रॅम बंद ठेवून एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर मोठ्या फाइली नुसत्या कॉपी केल्या, तरी घड्याळ जवळपास दोन मिनिटे मागे पडले. व्हिडिओ नसताना घड्याळ मागे पडत असेल, तर संशय कॅमेऱ्यावरून, फायरवायर कार्डावरून आणि ग्राफिक्सवरून उठून हार्ड डिस्ककडे वळतो.

स्टुडिओ माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर असल्यामुळे पुढचा भाग मी स्वतः येऊन पाहिला. इतर वाचकांसाठी तो सांगतो. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, तिथून ‘हार्डवेअर’ आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ असे गेले की यादीत आयडीई कंट्रोलर, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारे भाग, दिसतात. त्यातल्या ‘प्रायमरी आयडीई चॅनल’च्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये डिस्कची सध्याची पद्धत लिहिलेली असते. तिथे ‘अल्ट्रा डीएमए’ आणि पुढे एखादा आकडा असायला हवा. आपल्या यंत्रावर तिथे ‘पीआयओ मोड’ असे लिहिलेले होते, आणि त्याच क्षणी मी आपल्याकडे चहा मागितला हे आपल्याला आठवत असेल.

डीएमए पद्धतीत डिस्क आपला माल परस्पर मेमरीत नेऊन ठेवते आणि काम झाल्यावर प्रोसेसरला फक्त कळवते. पीआयओ पद्धतीत प्रोसेसर स्वतः हमाल होतो आणि एका वेळी दोन बाइट अशा खेपा घालत बसतो. डीव्ही चित्रणाचा ओघ सेकंदाला सुमारे ३६ लाख बाइटचा असतो, तासाला जवळपास १३ जीबी. म्हणजे सेकंदाला १८ लाख खेपा केवळ डिस्कवर लिहिण्यासाठी. कागदावर ही पद्धत सेकंदाला १६ एमबीपर्यंत माल नेऊ शकते, त्यामुळे टेप उतरते आणि ‘चालते आहे ना’ असे वाटत राहते. पण प्रोसेसर कायम दमलेला असतो, ठोके हुकतात आणि चौकटीही गळतात. आपल्या चित्रणात चित्र क्षणभर अडकत होते ते याचमुळे. घड्याळ आणि चित्र या आपल्याला दोन तक्रारी वाटत होत्या. आजार एकच होता.

डीएमएवर चालणारी डिस्क पीआयओवर कशी आली, याचे उत्तर एक्सपीच्या एका सवयीत आहे. डिस्कशी व्यवहार करताना एकूण सहा चुका झाल्या की एक्सपी त्या चॅनलचा वेग एक पायरी खाली आणते, आणि असे करत करत शेवटी पीआयओवर येऊन थांबते. त्याची सूचना ती कोणाला देत नाही आणि वर चढण्याचा प्रयत्नही आपणहून करत नाही. या चुका बहुधा केबलमुळे होतात. आपल्या कॅबिनेटचे झाकण काढले तेव्हा डिस्कची चपटी केबल दोन ठिकाणी काटकोनात दुमडून प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली दिसली. बांधणी नीटनेटकी होती खरी, पण एका घडीवरच्या कडेची तार उघडी पडली होती. वेगवान डीएमएसाठी ८० तारांची केबल लागते, तिची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नसावी आणि निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मुख्य डिस्कला लावावे. जुन्या सीडी ड्राइव्हची ४० तारांची केबल दिसायला तशीच असते, मात्र तिच्या रेघा जाड आणि विरळ असतात. ती इथे चालत नाही.

केबल बदलली. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चॅनलवर ‘अनइन्स्टॉल’ दिले आणि संगणक पुन्हा सुरू केला, म्हणजे एक्सपीने जुन्या चुकांचा हिशेब विसरून चॅनल नव्याने ओळखला. तिथे ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ आले. तीच नंदीध्वजांची टेप पुन्हा लावली आणि आपण दोघांनी तासभर घड्याळाकडे पाहत गप्पा मारल्या. टेप संपली तेव्हा सेकंदाचाही फरक डोळ्यांना दिसला नाही. हा क्रम उलटा करू नये. केबल तशीच ठेवून चॅनल पुन्हा ओळखवला, तर काही दिवस बरे वाटते आणि सहा चुका पुन्हा जमल्या की घसरण पुन्हा सुरू होते.

केबल बदलूनही पीआयओ परत आले, तर मात्र डिस्कच आजारी असण्याची शक्यता धरावी, ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या विंडोजच्या नोंदवहीमध्ये डिस्कच्या नावाने लाल-पिवळ्या नोंदी आहेत का ते पाहावे आणि इतर कोणताही उपाय करण्याआधी उतरवलेल्या सर्व चित्रणाची दुसऱ्या डिस्कवर प्रत करून घ्यावी. ज्यांच्याकडे कॉपी करताना घड्याळ ठीक चालते आणि केवळ व्हिडिओ पाहतानाच मागे पडते, त्यांनी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलून पाहावा. तोवर चाचणी म्हणून ‘डिस्प्ले’च्या ‘ट्रबलशूट’मधली हार्डवेअर ॲक्सिलरेशनची पट्टी एक-दोन घरे मागे आणावी, त्याने फरक पडला तर चोर सापडला.

आपण शेवटी विचारले होते की इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेतली तर एवढा खटाटोप टळला नसता का. टळला नसता. एक्सपी तशी जुळवणी मुळात आठवड्यातून एकदा करते, आणि ती तासाला केली तरी घड्याळ बरोबर दिसेल आणि चौकटी गळतच राहतील. शिवाय मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आहे. ते यंत्र इंटरनेटला न जोडता केवळ टेप उतरवण्यासाठीच ठेवावे.

प्रश्न : माझा लॅपटॉप नवा आहे आणि त्यात विंडोज व उबुंटू दोन्ही आहेत. मी व्याख्यानांचे व्हिडिओ उबुंटूमध्ये पाहते. त्यानंतर विंडोज सुरू केले की घड्याळ बरेच तास मागे गेलेले असते. व्हिडिओमुळे असे होते का? उष्णतेमुळे होते असे मैत्रीण म्हणते.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ‘बरेच तास’ म्हणजे नेमके साडेपाच तास आहेत का, ते पाहावे, बहुधा तितकेच निघतील. व्हिडिओ निर्दोष आहे. वरच्या उत्तरात सांगितलेल्या बोर्डावरच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ लिहून ठेवते, आणि विंडोज मात्र तीच वेळ भारतीय समजून वाचते. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे घड्याळ तितकेच मागे दिसते. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने बोर्डावरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येते. एवढे केले की दोघांचे एकमत होते. नवीन यंत्रांत वेळ ठोके मोजून ठरवण्याऐवजी अखंड चालणाऱ्या मोजणीवरून वाचली जाते, त्यामुळे काही ठोके हुकले तरी बिघडत नाही.

मैत्रिणीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. क्वार्ट्‌झचा हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत अचूक असतो आणि त्यापेक्षा गरम झाला की मागे पडतो. पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात, ४५ अंशांना, हा फरक दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. मागे पडल्याची तक्रार सेकंदांत असेल तर सूर्याकडे पाहावे. मिनिटांत किंवा तासांत असेल तर संगणकाकडे. तसा सोलापूरचा सूर्यही प्रमाणवेळेच्या मागेच असतो, कारण आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि तिथल्यापेक्षा आपल्याकडे मध्यान्ह सरासरी २६ मिनिटे उशिरा होते. पण त्याला कोणी बॅटरी बदलायला सांगत नाही.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथल्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, वेळ दीड महिन्यात एक मिनिट मागे पडते, आणि वीज बराच वेळ गेली की तारीख एकदम १ जानेवारी २००० होते. हे दोष एकाच कारणाने आहेत का?
— एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : नाहीत. दीड महिन्यात एक मिनिट म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड सेकंद; गरम शेडमध्ये ठेवलेल्या स्वस्त स्फटिकाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल, तर त्याच्या मेनूतील ‘एनटीपी’ हा पर्याय चालू करावा आणि टाइम झोन साडेपाच तास पुढे असा ठेवावा, म्हणजे वेळ आपोआप जुळत राहील. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते आणि तिचा वेळ-सर्व्हरही तिथे लिहून वापरता येतो. तारीख २००० वर जाणे हे मात्र आतली बॅटरी संपल्याचे लक्षण आहे. या एका बाबतीत दुरुस्ती करणाऱ्याला बॅटरी बदलू द्यावी.

एक काळजी घ्यावी. कारखान्यात एखादी घटना घडली असेल आणि तिचे चित्रण कोणाला द्यावे लागणार असेल, तर डीव्हीआरची वेळ आधी दुरुस्त करू नये. मोबाइलवरील वेळ आणि डीव्हीआरची वेळ दोन्ही एकाच छायाचित्रात येतील असा पडद्याचा फोटो काढावा, फरक किती मिनिटे-सेकंदांचा आहे ते तारखेसह लिहून ठेवावे, आणि त्यानंतरच घड्याळाला हात लावावा.